हळदीच्या एका लेबलावर इंकस्केप शिकताना

डिझाइनचे सॉफ्टवेअर शिकायला बसलेली मुले-मुली पहिल्याच दिवशी फोटोची पार्श्वभूमी काढणे, अक्षरांना सोनेरी चमक देणे अशा करामतींच्या मागे लागतात आणि महिनाभराने त्यांच्या हाती छापण्याजोगे असे काहीच नसते. त्याऐवजी आपल्याच गावात ज्याची खरोखर गरज आहे असे एक लहानसे काम निवडावे आणि ते कागदावर छापून होईपर्यंत सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. विदर्भात अनेक बचत गटांची हळद आजही कोऱ्या पिशवीतून विकली जाते. म्हणून येथे २०० ग्रॅम हळदीच्या पाकिटाचे लेबल हेच काम धरले आहे.

सॉफ्टवेअर म्हणून इंकस्केप घ्यावे. ते २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, साध्या संगणकावर चालते आणि एकदा बसवल्यावर त्याला इंटरनेट लागत नाही. गावात नेटवर्क नीट मिळत नसेल, तर तालुक्याच्या ठिकाणी ते उतरवून पेनड्राइव्हवर आणता येते. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत बहुधा कोरलड्रॉ असते, म्हणून काहीजण त्याची क्रॅक केलेली प्रत कुणाकडून तरी मिळवतात. ती बेकायदेशीर तर असतेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोकाही असतो. इंकस्केपवर बसलेला हात पुढे कोरलड्रॉवर सहज वळतो, कारण दोन्हींचा पाया एकच आहे : आकृती ठिपक्यांनी नव्हे, तर बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांनी बनते. त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. फोटोचे तसे नसते. ९० × १२० मिलिमीटरच्या लेबलभर फोटो छापायचा, तर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने तो सुमारे १०६३ × १४१७ पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबला गेलेला असतो, म्हणून तो नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा.

नवी फाइल उघडल्याबरोबर 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये माप मिलिमीटरमध्ये आणावे. लेबल ९० × १२० असेल, तर कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा धरून पान ९६ × १२६ ठेवावे आणि पार्श्वभूमीचा रंग या जादा भागापर्यंत न्यावा. अन्यथा कापताना सुरी किंचित सरकली तरी कडेला पांढरी रेघ दिसते. त्यानंतर लगेच फाइल जतन करावी आणि प्रेफरन्सेसमध्ये 'ऑटोसेव्ह' सुरू आहे का ते पाहावे. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या ठिकाणी दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय ही पहिल्या दिवसाची शिकवण आहे.

आता हळकुंड काढायचे. यावर घाई करू नये, कारण सगळी विद्या येथेच आहे. मोबाइलने हळकुंडाचा वरून फोटो काढून तो फाइलमध्ये आणावा, त्याचा लेयर, म्हणजे चित्राचा एकावर एक ठेवलेला पारदर्शक थर, कुलूपबंद करावा आणि दुसऱ्या लेयरवर पेन साधनाने, म्हणजे बी हे बटण दाबून, कडेकडेने रेषा काढावी. नुसते क्लिक केले तर कोपरा मिळतो. क्लिक करून माउस ओढला तर बाक मिळतो. या बाकाला बेझिए वक्र म्हणतात. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या पत्र्याची वळणे मांडण्यासाठी ही पद्धत रूढ केली. नवशिका प्रत्येक वळणावर दहा-दहा बिंदू टाकतो आणि रेषा ओबडधोबड होते. वर्तुळालासुद्धा चारच बिंदू पुरतात, हे ध्यानात ठेवावे. रेषा पूर्ण झाली की एन दाबून बिंदूंचे साधन घ्यावे, अनावश्यक बिंदू काढून टाकावेत आणि उरलेल्या बिंदूंना जोडून दिसणारे छोटे दांडे ओढून बाक सुधारावा. आठवडाभर रोज एक हळकुंड काढले, तर सातवे पहिल्यापेक्षा निश्चितच कमी बिंदूंत आणि अधिक डौलदार येते.

अक्षरांकडे मात्र मराठी माणसाने विशेष लक्ष दिले पाहिजे. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतातच टाइप करावा. जुन्या फाँटमध्ये केलेले माझे एक काम छापखान्यात उघडले तेव्हा मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसली आणि ते पूर्ण काम रात्री पुन्हा बसून करावे लागले. फाँट निवडताना 'शेतकऱ्यांची हळद' हे शब्द लिहून पाहावेत. 'श' मराठी वळणाचा आहे की हिंदी, आणि 'ऱ्या'मधला अर्धा र नीट उमटतो की रफार होऊन 'र्या' दिसतो, हे तिथेच कळते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर हा 'ऱ' शिफ्ट आणि जे यांवर असतो. 'ग्रॅम'मधला चंद्रही तपासावा. टिरो देवनागरी मराठी हा फाँट मराठी वळणासाठीच बनवलेला आहे. ठळक अक्षरांसाठी मुक्ता चांगला, कारण त्यात सात वजने, म्हणजे अक्षरांच्या सात जाड्या, मिळतात. दोन्ही मोफत आहेत. एका लेबलावर दोनांहून अधिक फाँट वापरू नयेत.

मजकुरात नाव, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता, हिरव्या चौकोनातले हिरवे वर्तुळ आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक यांना आधीच जागा राखून ठेवावी; शेवटी कोंबले की सगळी मांडणी बिघडते. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा दुसरीकडच्या हळदीवर ते नाव घालू नये.

रंगांच्या बाबतीत पडद्यावर विसंबू नये. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, तर छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईने होते. म्हणून पडद्यावरचा झगझगीत संत्रा रंग कागदावर मंद उतरतो. इंकस्केपची पीडीएफ साधारणपणे पडद्याच्याच रंगपद्धतीत निघते, त्यामुळे छापखान्यात रंगांचे रूपांतर करून घ्यावे लागते. त्या वेळी बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायला आवर्जून सांगावे, नाहीतर चार शायांचा काळा जरासा सरकून अक्षरे धूसर दिसतात.

पीडीएफ करताना 'टेक्स्टचे पाथमध्ये रूपांतर' हा पर्याय निवडावा. दुकानात यालाच 'कर्व्ह करणे' म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या संगणकावर आपला फाँट नसला तरी अडत नाही. इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल मात्र मजकुरासह वेगळी जपावी, कारण पुढच्या वर्षी किंमत बदलायची असते. छापायला देण्यापूर्वी साध्या प्रिंटरवर मूळ मापात एक प्रत काढावी, कात्रीने कापून भरलेल्या पाकिटावर चिकटवावी आणि गटातल्या सर्वांत वयस्क बाईंच्या हाती देऊन वजन व किंमत त्यांना चष्म्याशिवाय वाचता येते का, ते विचारावे. वाचता आली नाही, तर हळकुंड लहान करून अक्षरे वाढवावीत.