तीन नटांत ‘अँटिगनी’ कशी बसवावी

ग्रीक नाटक कसं वाढत गेलं हे समजून घ्यायचं तर नट मोजावेत. आधी नुसता वृंद होता. डायोनिसस देवाच्या उत्सवात ५० जण डिथिरॅम्ब, म्हणजे त्या देवाचं स्तोत्र, गात नाचत, आणि त्या गाण्याच्या म्होरक्यांपासून शोकांतिका निघाली असं अरिस्टॉटल सांगतो. इ.स.पू. ५३४च्या सुमारास थेस्पिसनं वृंदासमोर एक नट उभा केला, अशी परंपरा आहे. नाटककार ईस्किलसनं दुसरा आणला, ‘अँटिगनी’ लिहिणाऱ्या सोफोक्लीसनं तिसरा. सोफोक्लीसनं वृंदही १२चा १५ केला. शोकांतिकेत बोलणारे नट तीनच राहिले, म्हणून तालीमही तिघांवरच करावी. आठ नट घेतलेत तर नाटककारानं एन्ट्री-एक्झिट अशा का रचल्या हे कधीच कळणार नाही.

वाटणी अशी करा. पहिला नट: अँटिगनी, तैरेसिअस, युरिडिसी. दुसरा: इस्मिनी, पहारेकरी, हायमन, निरोप्या. तिसऱ्याकडे एकटा क्रेऑन. सर्वांत लांब भूमिका तिसऱ्याला कशी, असं वाटेल. पण क्रेऑनसारखे राजे तिसऱ्या नटाच्या वाट्याला येत, हे अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस याच्या भाषणात स्पष्ट आहे. आंधळ्या तैरेसिअसला धरून आणणारा मुलगा आणि क्रेऑनचे शिपाई मुके, म्हणजे संवाद नसलेले, आहेत, ते या तिघांत धरू नका.

आता वेषबदल. मूळ संहितेत पहारेकरी ४४५व्या ओळीला जातो आणि त्याच नटाला ५२६च्या आसपास इस्मिनी म्हणून यायचं असतं. इथे ८० ओळी मिळतात. खरी ओढाताण पुढे होते. अँटिगनी ९४३ला जाते आणि ९८८ला तैरेसिअस हजर. मध्ये वृंदाचं ४४ ओळींचं गाणं, तेवढाच वेळ. गाणी लांबतात म्हणून दिग्दर्शक नेमकी हीच कापतो आणि विंगेत नट अर्ध्या वेषात अडकतो. कापायचंच असेल तर आधी घड्याळ लावून वेषबदलाची तालीम घ्या.

मुखवटा पूर्ण डोकं झाकणारा हवा, केसांसकट. तागाच्या कापडाचे थर साच्यावर खळीनं चिकटवून तो बनवता येतो. अथेन्समधले मूळ मुखवटे टिकले नाहीत. ते कसे दिसत हे मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांतून कळतं. तोंडाची फट अरुंद ठेवलीत तर आवाज आतच घुमतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे समोरच्या पात्राकडे वळून बोलणं: मान फिरली की प्रेक्षकाला चेहऱ्याऐवजी कान दिसतो. वाक्य समोर टाका, ऐकताना वळा.

वृंदाच्या १५ जणांना पाच-पाचच्या तीन रांगांत आणा. त्यांची गाणी जोड्यांची असतात: स्ट्रोफी हे पहिलं कडवं आणि तिच्याच वृत्तातलं दुसरं, अँटिस्ट्रोफी. अनुवादात दोन्हींची वृत्तं वेगळी झाली तर दुसऱ्या कडव्याला पावलं बसत नाहीत, म्हणून चाल लावण्यापूर्वी मात्रा तपासा. साथीला बासरी नको. ऑलॉस हे पत्तीचं, दोन नळ्यांचं, तिखट आवाजाचं वाद्य होतं. भाषांतरांनी त्याची उगीच बासरी केली. आपल्याकडे सनई त्याला पुष्कळ जवळची. वृंदाच्या वतीनं नटांशी बोलायचं ते एकट्या म्होरक्यानं. पंधराही जण एकदम संवाद म्हणू लागले की शब्द फुटतात आणि प्रेक्षकांच्या मागच्या रांगेला काहीच कळत नाही.

शेवटच्या प्रवेशात हायमनचं प्रेत आणि क्रेऑन एकत्र येतात, तेव्हा हायमन झालेला नट निरोप्या म्हणून मोकळा हवा असतो. प्रेताच्या जागी मुक्या सोबत्याला हायमनचा मुखवटा चढवा. युरिडिसीचं प्रेत चाकाच्या फळीवरून दारातून बाहेर येतं. तिथेही हाच मार्ग, फक्त फळी १,२९३व्या ओळीच्या आधी बाहेर येऊ देऊ नका, कारण ‘बघ, दिसतंय’ हे वाक्य तिथेच आहे.