हौदाच्या पाण्यात करंट आहे का, हे हात न लावता बघा

शेतातल्या आखाड्यावर बैल हौदाला तोंड लावतो आणि झटकन मागं सरकतो. तहान असून पीत नाही. असं झालं की बोट बुडवून बघू नका. टेस्टरही नको, त्याचा दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या करंटवरच लागतो.

१. आधी मेन स्विच पाडा, नुसती मोटर बंद करून भागत नाही.
२. हौदापासून पाच-सहा हात लांब ओल्या जमिनीत लोखंडी गज ठोका. मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या मीटरची) काळी वायर गजाला जोडा, लाल वायरचं टोक पाण्यात सोडून काठाला बांधा. वायर पुरत नसेल तर जोडवायर लावा, सांध्याला टेप गुंडाळा.
३. मीटर एसी ७५० व्होल्टवर लावून कोरड्या फळीवर ठेवा. दूर जाऊन मेन चालू करा, मग मोटर. आकडा लांबूनच वाचा, वायर, गज, हौद कशालाच हात नको.

मोटर चालू केली की आकडा चढतो, बंद केली की उतरतो? मग बिघाड मोटरीत किंवा केबलीत. चार-पाच व्होल्टलाही गुरं बिचकतात, म्हणून छोटा आकडा सोडून देऊ नका. मेन पाडा, गुरं लांब बांधा, वायरमनला बोलवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की आपोआप लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या.

मीटरनं शून्य दाखवलं तरी मेन चालू असताना हौदात उतरायचं नाही. लेकरांना तर मुळीच उतरू देऊ नका.