संगीत विशेषांकाचं मुखपृष्ठ करताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की ठाणे आणि नवी मुंबईतल्या संगीत मंडळांची विशेषांकांची, स्मरणिकांची कामं सुरू होतात. आतले लेख जीव ओतून लिहिलेले असतात आणि मुखपृष्ठ मात्र एखाद्या परदेशी मासिकाकडे बघून घाईत उरकलेलं. त्या मासिकांची प्रत्येक रीत कशासाठी आहे हे कळलं, तर काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवता येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गायकाचं डोकं अंकाच्या नावावर चढवणं. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाला ते शोभतं. १९६७पासून चालत आलेलं ते नाव वाचकाला पाठ आहे, मधली अक्षरं झाकली तरी तो ओळखतो. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाला ही मुभा नाही. त्यात आपली लिपी वेगळी. डोकं खालून वर येतं, म्हणजे पहिला बळी उकाराचा. ‘सूर’मधला ऊकार केसांमागे गेला की उरतं ‘सर’. म्हणून फोटो काढतानाच डोक्यावर भरपूर जागा सोडायला सांगा. आच्छादन हवंच असेल तर तंबोऱ्याच्या खुंट्या दोन शब्दांमधून वर जाऊ द्या. नाव रुबाबदार दिसावं म्हणून अक्षरांत अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते. त्यापेक्षा रुंद वळणाचा फॉन्ट घ्या किंवा सुलेखनकाराकडून नाव लिहून घ्या.

दुसरी चूक जाणकारांना लगेच खटकते. नजर पानाच्या आत वळावी म्हणून फोटो आरशासारखा उलटवला जातो. मग उजव्या हाताखालचा तबला डाव्या हाताखाली जातो, डग्गा उजव्या हाताखाली येतो आणि गायिकेचा पदर उजव्या खांद्यावर. कलाकारावर हा अन्याय आहे. फोटो आहे तसाच ठेवा, मथळे दुसऱ्या बाजूला न्या. पॉप मासिकांत कलाकार थेट वाचकाकडे बघतो, पण ख्यालगायकाला कॅमेऱ्याकडे बघायला लावायची गरज नाही. आलापात मिटलेले डोळे मला कधीही जास्त बोलके वाटतात.

स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडतात, तेव्हा डावीकडची पट्टीच दिसते. ब्रिटनच्या ‘क्यू’ या संगीत मासिकाच्या (१९८६ ते २०२०) नावाचा लाल चौकोन त्याच डाव्या कोपऱ्यात असायचा. अंक ठाणे स्टेशनबाहेर विकायचा असेल तर मुख्य कलाकाराचं नाव डावीकडे घ्या. गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या दारात टेबलावर ठेवणार असाल, तर हा नियम खुशाल सोडा. प्रायोजकांचे लोगो मात्र दोन्हीकडे मागच्या पानावरच.

छपाईत घात होतो तो रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांमुळे. स्क्रीनवर झगमगणारा निळा-जांभळा कागदावर मळकट उतरतो. फोटो सुरुवातीलाच सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत बदलून बघा आणि प्रेसकडून रंगीत प्रूफ (छापील नमुना) मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो वापरू नका. मूळ फाइल घ्या, छापायच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) भरते का ते तपासा. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा चित्राचा जादा भाग, सोडा. जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून पाठवण्याआधी मजकुराचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा. कर्व्ह केल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे कलाकारांच्या नावांतले ऱ्हस्व-दीर्घ त्याआधीच त्यांच्याकडून तपासून घ्या.