किमान वेतनाची तक्रार करताय? आधी या चुका टाळा

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, बारा तासांची ड्युटी, पगार बँकेत अगदी पूर्ण जमा व्हायचा पण एटीएम कार्ड सुपरवायझरच्या खिशात. तो चार हजार काढून घेणार आणि मग कार्ड परत देणार. तक्रार झाली की ठेकेदार पासबुकच पुढे करतो, बघा साहेब, पूर्ण पगार दिलाय! म्हणून पहिली गोष्ट, कार्ड आणि पिन कुणालाही द्यायचा नाही. आधीच दिला असेल तर स्टेटमेंट काढा. याच्या केसमध्ये सहाही गार्डांचे पैसे एकाच दिवशी, एकाच एटीएममधून, पाच-पाच मिनिटांच्या फरकाने निघाले होते, आता हा योगायोग म्हणायचा का?

दुसरी चूक हिशोबाची. बारा तासांचा पगार किमान वेतनाच्या आकड्याशी लावून बघतात आणि "मिळतोय की" म्हणून गप्प बसतात. अहो तो आकडा आठ तासांचा असतो, वरच्या चार तासांचे दुप्पट दराने धरायचे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जुना तक्ता धरू नका, महाराष्ट्रात विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईनुसार बदलणारा भाग) जानेवारी आणि जुलैला बदलतो, शिवाय परिमंडळ (सरकारने पाडलेले भागांचे गट) आणि कुशल-अकुशल बघून दर वेगळा.

"मी कमी पगारावर सही केलीये, आता काय बोलणार" हे तर डोक्यातून काढूनच टाका, हक्क सोडून दिल्याची सही कायद्यात टिकत नाही. ठेकेदार पळाला तरी ज्या कंपनीत काम केलं तिच्यावर जबाबदारी येते.

कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला आणि मालकासमोर विचारलं की "हो साहेब, मिळतो बरोबर" असं म्हणणारे खूप आहेत, भीती असते, समजू शकतो. मग युनियनमार्फत जा, नोंदणीकृत युनियन तुमच्या वतीने दावा लावू शकते.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसती "कारवाई करा" अशी तक्रार देणं. 1948 च्या किमान वेतन कायद्यात दंड होता 500 रुपयांपर्यंत (मालकाचा एका दिवसाचा चहाचा खर्च!), 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी वेतन संहिता हा नवा कायदा लागू झाला, त्यात तो 50 हजारांपर्यंत गेला, पण दंड झाला तरी तो काय तुमच्या खिशात येत नाही. फरकाच्या रकमेचा (किमान वेतन वजा मिळालेला पगार) दावा वेगळा लावा, त्यात फरकाच्या दहापट भरपाईपर्यंत देता येते. मुदत आधी सहा महिने होती, आता तीन वर्षं. पैसे दिले हे सिद्ध करायचं काम मालकाचं, तरी हजेरीचे फोटो रोज काढून ठेवा.

कामगार कार्यालयात अर्ज दोन प्रतीत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. आमच्या वॉचमनने पहिल्यांदा घेतला नव्हता, दोन महिन्यांनी गेला तर टेबलावरचा माणूस बदललेला आणि अर्जाचा पत्ताच नाही.