गर्मीत कोंबडीच्या डोक्यात काय होतं आणि आपण काय करायचं

पंखे लावले, फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारं यंत्र) लावला तरी अंडी का घटतात, वजन का थांबतं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच. शेड थंड ठेवायलाच पाहिजे, पण गर्मीचा मार नुसता अंगावर बसत नाही, मेंदूवर पण बसतो, आणि ऊन असो की भीती, कोंबडीचा मेंदू दोन्हीला एकच स्ट्रेस हॉर्मोन सोडायला लावतो. म्हणजे भर दुपारी आपण पक्षी घाबरवला तर उन्हात अजून भर घातली.

कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत, आणि अंगाचं टेंपरेचर आधीच ४१-४२ डिग्री. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, तोच तिचा थर्मोस्टॅट. रक्त तापलं की तो धापा टाकायला लावतो, पंख अंगापासून लांब धरायला लावतो, तुऱ्याकडे रक्त वळवतो. एवढ्यानं भागलं नाही की तिथून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आणि पुढे मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला सिग्नल जातो आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे तोच स्ट्रेस हॉर्मोन, वाढतं. थोड्या वेळापुरतं ते कामाचंच, साखर वाढून ताकद मिळते. पण रोज चढलेलंच राहिलं तर स्नायू झिजतात, बर्सा आणि थायमस हे प्रतिकारशक्तीचे अवयव आकसतात, प्रतिकारशक्ती खाली जाते, मग लस देऊन पण टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) धड येत नाही. मेंदू अंडं घालायचा हॉर्मोन पण दाबतो, त्यामुळे लेअरचं (अंड्याच्या कोंबडीचं) प्रॉडक्शन पडतं.

अजून एक गोष्ट, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. मेंदू शांत ठेवणारं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो अ‍ॅसिडपासून बनतं आणि ते ट्रिप्टोफॅन फक्त खाद्यातून येतं. गर्मीत पक्षी खातच कमी, म्हणजे कच्चा मालच कमी. त्यात आतड्याचं अस्तर सैल होतं, बॅक्टेरियाचं विष रक्तात उतरतं आणि अंगात सूज वाढते. म्हणून उन्हाळ्यात फीड स्वस्तात पातळ करू नका, उलट पक्षी कमी खाणार हे धरून अमिनो अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन जरा घट्ट ठेवा, आणि एनर्जीचा थोडा भाग तेलातून द्या कारण ते पचताना उष्णता कमी निघते.

खाद्याची वेळ सगळ्यात महत्त्वाची. पचनाची उष्णता खाल्ल्यावर कित्येक तास निघत राहते, त्यामुळे ब्रॉयलरला (मांसाच्या कोंबडीला) ऊन कडक व्हायच्या ४ ते ६ तास आधी फीडर वर उचला आणि गारवा आल्यावर खाली सोडा. सोडताना सगळे फीडर एकदम सोडा नाहीतर उपाशी पक्षी एकमेकांवर चढतात. लेअरला पहाटे आणि संध्याकाळी जास्त द्या.

पाणी मात्र एक मिनिट पण बंद नको. एरवी १ किलो खाद्यामागे साधारण २ लिटर पाणी लागतं, कडक गर्मीत ते ४ लिटर किंवा त्याच्याही वर जातं. टाकी सावलीत ठेवा आणि दुपारी दोन-तीनदा पाइपातलं तापलेलं पाणी सोडून द्या, गरम पाणी पक्षी कमी पितो. धापा टाकून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कलाइन होतं आणि अंड्याचं कवच पातळ पडतं, तिथे खाण्याचा सोडा आणि पोटॅशियम क्लोराइड कामाला येतं, पण डोस डॉक्टरांना विचारून, जास्त झालं तर लिटर (खाली अंथरलेला भुसा) ओलं होतं. व्हिटॅमिन सी कोंबडी स्वतः बनवते पण या दिवसात ते पुरत नाही, किलो खाद्यामागे २०० ते २५० मिलीग्रॅम देतात. पाण्यातून देत असाल तर रोज ताजं करा आणि सोड्याच्या टाकीत घालू नका, तिथे ते टिकत नाही.

फॉगर हवा खेळती असेल तरच. दमट दिवशी वारा नसताना फॉगर चालवला तर धाप टाकून पण पक्षी गार होत नाही, अशा वेळी नुसते पंखे बरे.

आणि आता भीतीचं. लस, वजन, पकडणं, शिफ्टिंग, लिटर उलथणं, यातलं काहीच दुपारी नको, पहाटे उरका. शेडमध्ये रोजचाच माणूस जाऊ दे. फक्त मोठे ब्रॉयलर एकाच जागी बसून राहिले तर मधून अगदी हळू चालत त्यांना उठवा, पोटाखाली अडकलेली उष्णता मोकळी होते. पण हाकलायचं नाही, आवाज नाही, काठी नाही.

पक्षी आडवा पडला तर सावलीत, वाऱ्याला घ्या, तुरा आणि पाय साध्या पाण्यानं ओले करा, बर्फाचं पाणी नको. आणि रात्री दहाला एकदा शेडमध्ये जाऊन बघाच. तेव्हा पण चोची उघड्या दिसल्या तर दिवसाची उष्णता अंगातून गेलेलीच नाही, पक्षी उद्याचं ऊन तापलेल्या अंगानं सुरू करणार, मग पंखे पहाटेपर्यंत चालू ठेवा.