परराष्ट्र मिशनकार्याचा हेतू आणि शास्त्राधार : मंडळीत अभ्यास कसा घ्यावा

बहुतेक मंडळ्यांत वर्षातील एक रविवार मिशनकार्यासाठी राखलेला असतो, त्या दिवशी खास अर्पण गोळा होते आणि ते ठरलेल्या ठिकाणी रवाना होते. मात्र आपल्याच तालुक्यात इतके काम बाकी असताना परदेशात माणूस का पाठवायचा, असे एखाद्या तरुणाने विचारले की सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील शेवटची आज्ञा त्याच्यापुढे ठेवली जाते आणि विषय मिटतो. ती आज्ञा महत्त्वाची आहे यात शंका नाही. परंतु सगळा भार त्या एकाच उताऱ्यावर टाकला, तर परराष्ट्र मिशनकार्य म्हणजे येशूने जाता जाता सोपवलेले एखादे जादा काम आहे, असा समज होतो, आणि जादा वाटणारे काम अडचणीच्या पहिल्याच वर्षी बाजूला पडते. म्हणून माणूस किंवा पैसा पाठवण्यापूर्वी मिशन समितीने संपूर्ण शास्त्राच्या आधारे आपला हेतू तपासावा आणि तो लिहून काढावा. त्यासाठी पाच बैठकांचा अभ्यास कसा घ्यावा, हे येथे सांगितले आहे.

बैठक आठवड्यातून एकदा आणि दीड तासाची असावी. दहा-बारा माणसे पुरेत, पण त्यांत केवळ पंचमंडळी नसावी. तरुण संघातील एक-दोघे, महिला मंडळातील कोणी आणि या कामाविषयी उघड शंका असणारी किमान एक व्यक्ती आवर्जून घ्यावी, कारण सगळेच होकार देणारे असले की अभ्यासाची प्रार्थनासभा होते. सर्वांजवळ एकाच भाषांतराचे पवित्र शास्त्र असावे आणि पौलाच्या प्रवासांचा नकाशा भिंतीवर लावावा. पहिल्या दिवशी, काहीही वाचण्याआधी, प्रत्येकाने ‘आपण परदेशात सुवार्तिक का पाठवावा?’ या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन ओळींत लिहून द्यावे. हे कागद चिटणीसाने जपून ठेवावेत. शेवटच्या बैठकीत ते उपयोगी पडतात.

पहिली बैठक जुन्या कराराची. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातील पहिली तीन वचने वाचावीत, पण त्यापूर्वी दहावा आणि अकरावा अध्याय चाळावा. राष्ट्रांची वंशावळ आणि बाबेलचा बुरूज यांच्या लगेच नंतर अब्राहामाला बोलावणे येते. म्हणजे देव एका माणसाला निवडतो ते इतरांना वगळण्यासाठी नव्हे, तर पृथ्वीवरील सर्व कुळांना त्याच्या द्वारे आशीर्वाद मिळावा म्हणून. त्यानंतर स्तोत्र ६७, मंदिराच्या समर्पणाच्या वेळी दूर देशाहून येणाऱ्या परक्यासाठी शलमोनाने केलेली प्रार्थना (१ राजे ८:४१-४३) आणि परमेश्वराच्या सेवकाला राष्ट्रांचा प्रकाश म्हणणारे यशया ४९:६ हे उतारे घ्यावेत. येथे अभ्यास घेणाऱ्याने प्रामाणिक राहिले पाहिजे. जुन्या करारात राष्ट्रांनी सियोनेकडे, म्हणजे यरुशलेमाकडे, यावे, हे चित्र वारंवार दिसते. इस्राएलाने राष्ट्रांकडे जावे, असे क्वचितच सांगितलेले आहे. नव्या करारातील पाठवणी मागे ओढून जुन्या करारात बसवण्याची गरज नाही.

याला ठळक अपवाद योनाचा, आणि उरलेला सगळा वेळ त्याच्यासाठी ठेवावा. मुलांच्या रविवार शाळेत ही गोष्ट माशापाशी संपते. प्रौढांनी चौथा अध्याय वाचावा. योना तार्शीशकडे पळाला तो भीतीमुळे नव्हे. देव दयाळू आहे आणि निनवे शहरातील शत्रूंनाही क्षमा करील, हे त्याला ठाऊक होते आणि तेच त्याला नको होते. शहराबाहेर मांडव घालून तो बसतो, सावली देणारे झाड वाळल्यावर संतापतो, आणि उजव्या-डाव्या हाताचा भेद न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची व त्यांच्या गुराढोरांची मी पर्वा करू नये काय, या देवाच्या प्रश्नावर पुस्तक थांबते. योनाने काय उत्तर दिले, ते लिहिलेलेच नाही. परराष्ट्र मिशनकार्याला खरा अडथळा अंतराचा किंवा पैशाचा नसून मनातल्या अढीचा असतो, हे समितीने येथे बोलून दाखवावे, आणि ‘आपली निनवे कोणती?’ या प्रश्नावर पंधरा मिनिटे द्यावीत.

दुसऱ्या बैठकीत शुभवर्तमाने घ्यावीत. सुरुवात अवघड वचनांपासून करावी: येशू आपल्या बारा शिष्यांना परराष्ट्रीयांकडे जाऊ नका असे सांगतो (मत्तय १०:५-६), आणि कनानी स्त्रीला आपण इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलेले आहोत असे म्हणतो (मत्तय १५:२४). ही वचने टाळली, तर शंका घेणारा सदस्य ती नंतर काढतोच. त्यांचे उत्तर पुनरुत्थानात आहे. मत्तय २८ वाचताना एकोणिसाव्या वचनापासून प्रारंभ करण्याची सवय मोडावी आणि अठरावे आधी वाचावे: स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मिळाल्याची घोषणा प्रथम येते, आज्ञा त्यानंतर. आज्ञेतही केवळ ऐकवून पुढे जाण्याविषयी सांगितलेले नाही. शिष्य करणे, बाप्तिस्मा देणे आणि जे आज्ञापिले ते सर्व पाळायला शिकवणे, असे अनेक वर्षांचे काम तेथे आहे. पंधरा दिवसांचा दौरा करून छायाचित्रे घेऊन परतणाऱ्या पथकांनी हे वचन आपल्या पत्रकावर छापण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मला वाटते.

योहान २०:२१ मात्र विसाव्या वचनासह घ्यावे. पित्याने मला पाठवले तसे मी तुम्हांला पाठवतो, असे म्हणण्याआधी येशू आपले हात आणि कूस दाखवतो. पाठवले जाण्याची रीत कोणती, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

प्रेषितांची कृत्ये १:८ वरून एक गैरसमज सर्रास आढळतो. यरुशलेम, मग यहूदीया व शोमरोन, मग पृथ्वीची शेवटची सीमा, म्हणजे आधी आपले गाव पूर्ण करावे आणि मग बाहेर पाहावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढचे अध्याय वाचले की हा अर्थ टिकत नाही. स्तेफनाच्या मृत्यूनंतर छळ झाला आणि विश्वासणारे पांगले (८:१). त्यांपैकी कुप्र व कुरेने येथील काही जणांनी, ज्यांची नावेही या पुस्तकाचा लेखक लूक देत नाही, सिरियातील अंत्युखियात ग्रीक लोकांना सुवार्ता सांगितली (११:१९-२१). तेव्हा यरुशलेमातील काम मुळीच संपलेले नव्हते. ‘आधी इथले’ म्हणणाऱ्यांचा आग्रह कळकळीचा असतो आणि त्याची थट्टा करू नये. पण त्याला या वचनाचा आधार नाही.

तिसरी बैठक सर्वांत महत्त्वाची. प्रेषितांची कृत्ये १३:१-३ ही तीनच वचने घेऊन सावकाश बसावे. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे व शिक्षक आहेत: कुप्र बेटाचा लेवी बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, उत्तर आफ्रिकेतील कुरेनेचा लूक्य, मांडलिक हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल, म्हणजेच पौल. निरनिराळ्या प्रांतांतली आणि थरांतली माणसे एकत्र उपास करीत आहेत. पवित्र आत्मा त्यांच्यातून बर्णबा आणि शौल यांना मागतो, म्हणजे मंडळीला ज्यांची उणीव सर्वांत अधिक भासणार त्यांनाच. ज्याला इथे काम जमत नाही त्याला बाहेर पाठवावे, असा विचार येथे नाही. पुन्हा उपास आणि प्रार्थना होते, हात ठेवले जातात आणि ते निघतात. बोलावणे आत्म्याचे, पण पाठवणी मंडळीची, ही जोडी समितीने आपल्या कागदावर ठळक लिहावी. मला दर्शन झाले म्हणून मी निघालो, असे सांगत एकट्याने निघणाऱ्याला आणि मंडळीने ठरवले म्हणून अनिच्छेने जाणाऱ्याला, दोघांनाही ती आवर घालते.

याच बैठकीत पुढची चार ठिकाणे नकाशावर बोट ठेवून पाहावीत. पंफुल्यातील पिर्गा येथून त्यांचा सहकारी योहान मार्क परत फिरला (१३:१३) आणि त्याच्यावरून पुढे पौल व बर्णबा यांच्यात इतका वाद झाला की ते वेगळे झाले (१५:३९). मिशनकार्यातील मतभेद शास्त्राने लपवलेले नाहीत. पौल व बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले (१४:२३) आणि पुढचा मार्ग धरला. अंत्युखियास परतल्यावर त्यांनी मंडळी जमवून देवाने काय केले ते सांगितले (१४:२७). आणि पंधराव्या अध्यायात, परराष्ट्रीयांनी ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहूदी व्हावे काय, या प्रश्नाचा निर्णय यरुशलेमात झाला. पाठवणाऱ्यांची संस्कृती ही सुवार्तेची अट नाही, असा तो निर्णय आहे, आणि पुढच्या अनेक मिशनांनी तो विसरून आपल्याबरोबर आपले पोशाख, आपले सूर आणि आपल्या वास्तूंचे नमुनेही नेले.

चौथ्या बैठकीत पद्धतीची परीक्षा करावी. एका नव्या शिष्यासाठी समुद्र व भूमी पालथी घालणाऱ्या परूशांवर येशूने ओढलेला कोरडा (मत्तय २३:१५), पैशाने पवित्र आत्म्याचे दान विकत घेऊ पाहणारा शोमरोनातील शिमोन (प्रेषितांची कृत्ये ८:१८-२०), कपटाने न चालण्याची व देवाच्या वचनात भेसळ न करण्याची पौलाची ग्वाही (२ करिंथ. ४:२) आणि थेस्सलनीकाकरांवर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस केलेले श्रम (१ थेस्सल. २:९) हे चार उतारे पुरेत. दवाखाना, शाळा, वसतिगृह यांचा प्रश्न येथेच निघतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तशी सेवा मिशनकार्याचा भाग आहे काय? माझ्या मते आहे, कारण दीनांना सुवार्ता व आंधळ्यांना दृष्टी ही लूक ४:१८ मध्ये एकाच वाक्यात येतात. पण आजारी माणसावर उपचार करायचे ते तो आजारी आहे म्हणून. त्याचा धर्म बदलावा म्हणून केलेला उपचार हे आमिष ठरते, आणि आमिष शिमोनाच्या वाटेने जाते. २०११ मध्ये जागतिक मंडळी परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून काढलेल्या निवेदनानेही फसवणूक, जबरदस्ती आणि प्रलोभन नाकारले आहे. ते समितीने मुळातून वाचावे.

याच बैठकीत इतिहासातील दोन उदाहरणे ठेवावीत. पहिले ज्यांनी आपल्याकडे माणसे पाठवली त्यांचे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. पत्रव्यवहार करीत ते टिकून राहिले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने वारले. पुढे १८५४-५५ मध्ये त्या मिशनच्या पालक संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन येथे आले आणि स्थानिक पाळक नेमून मंडळ्या स्वतःच्या पायांवर उभ्या कराव्यात, यावर त्यांनी भर दिला. त्यासाठी इंग्रजी शाळा आखडत्या घेण्याचा त्यांचा आग्रह वादग्रस्त ठरला, आणि त्याच्या दोन्ही बाजू समितीने मांडाव्यात.

दुसरे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरून गेलेल्याचे. गोव्यात बाणावली येथे १६५१ मध्ये जन्मलेले जुझे वाझ १६८७ मध्ये वेष पालटून श्रीलंकेत पोहोचले. तेथे किनारपट्टीवर डचांची सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत, म्हणजे जो ती ओळखील त्याच्याशी बोलता येई. कँडीच्या स्वतंत्र राज्यात त्यांना पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकले गेले. पण पुढे देवीच्या रोगाची साथ आली तेव्हा रुग्णांची जी शुश्रूषा त्यांनी केली, तिने राजाचे मन जिंकले. तमिळ आणि सिंहली त्यांनी शिकून घेतली. १७११ मध्ये ते कँडीतच वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद देण्यात आले. परराष्ट्र मिशनकार्य म्हणजे गोऱ्यांनी इकडे येणे, हा समज या एका चरित्राने दूर होतो. त्यांच्या पाठीशी परकीय सत्ता नव्हती, उलट तेथली डच सत्ता त्यांच्या शोधात होती, हेही लक्षात आणून द्यावे.

पाचव्या बैठकीत लेखन करावे. पहिल्या दिवशीचे कागद वाचून दाखवावेत आणि प्रत्येक उत्तर कोणत्या वचनावर उभे आहे, ते विचारावे. ‘त्या देशाची प्रगती व्हावी म्हणून’ किंवा ‘आपल्या मंडळीचे नाव व्हावे म्हणून’ अशा उत्तरांना आधार सापडत नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. मग एक पानभर हेतू लिहावा. त्यात चार गोष्टी याव्यात: सर्व राष्ट्रांत देवाच्या नावाचे गौरव व्हावे (रोम. १:५, प्रकटी. ७:९), ज्यांनी ऐकले नाही त्यांना ऐकायला मिळावे (रोम. १०:१४-१५), शिष्य घडून स्थानिक मंडळी स्वतःच्या पुढाऱ्यांसह उभी राहावी, आणि हे सर्व निष्कपट पद्धतीने व्हावे. शब्द समितीचेच असावेत. दुसऱ्या मंडळीचा मसुदा उतरवून घेऊ नये.

हे पान हाती आल्यावरच व्यवहाराकडे वळावे. पैशाविषयी फिलिप्पै ४:१५-१८ आणि रोम. १५:२४-२७ एकत्र वाचावे. स्पेनला जाण्यासाठी पौल रोमच्या मंडळीची मदत मागतो, आणि त्याच परिच्छेदात मासेदोनिया व अखया येथील नव्या मंडळ्यांनी यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी पाठवल्याचे सांगतो; देणारा आणि घेणारा कायमचे ठरलेले नसतात. जाणाऱ्याचे भाषाशिक्षण, आजारपण, मुलांचे शिक्षण आणि परतीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. त्या देशाचा कायदा कोणत्या व्हिसावर कोणते काम करू देतो, हे लेखी तपासावे, कारण खोट्या कारणाने मिळवलेला प्रवेश २ करिंथ. ४:२ मध्ये बसत नाही. तेथे आधीपासून मंडळी असेल, तर तिच्या निमंत्रणाशिवाय माणूस पाठवू नये. जाणारा परतल्यावर संपूर्ण मंडळीपुढे वृत्तांत सांगण्याची तारीख तो निघण्यापूर्वीच ठरवावी, आणि काम स्थानिक वडिलांच्या हाती कोणत्या वर्षी सोपवायचे, तेही त्याच कागदावर नोंदवावे.