वही पिशवीत ठेवा, मग गट बोलेल

आमच्या चर्चच्या मंडळीतला बायबल अभ्यासाचा गट मी चालवायला घेतला, तेव्हा पहिले काही महिने मीच बोलत होते. समोर ८-९ मोठी माणसं, मान डोलावणारी. एकदा मी प्रश्न टाकला, तर एक आजोबा म्हणाले, "तुम्हीच सांगा, उत्तर तुमच्या वहीत असेलच." वही त्या दिवसापासून पिशवीतच असते.

उतारा लहान घ्या. उदाहरणार्थ, मार्क १०:४६-५२ (बायबलमधल्या मार्क या पुस्तकाचा दहावा अध्याय), येशूला हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट. सातच वचनं, पण तास पुरत नाही. वाचायला ओळीने पाळी लावू नका. काहींना वाचणं जड जातं. पाळी जवळ आली की त्यांना वचन ऐकूच येत नाही, नुसती धडधड. ज्याला वाचायचंय तो वाचेल.

पहिला प्रश्न अर्थाचा नको, दिसतं त्याचा हवा. बार्तीमय कुठे बसलाय? त्याला गप्प कोण करतंय? उत्तरं मजकुरातच असतात, त्यामुळे चुकायची भीती नाही. एकदा तोंड उघडलं की पुढचा प्रश्न असा घ्या, ज्याचं उत्तर तुमच्याकडेही तयार नाही: हा आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूने "तुझ्यासाठी काय करू?" असं का विचारलं?

आणि मग थांबा. मनात सावकाश १० पर्यंत मोजा. (मला सातलाच राहवत नाही, म्हणून पाण्याचा ग्लास तोंडाला लावते.) एकदा हा प्रश्न विचारून ग्लास रिकामा झाला, तेव्हा एरवी फक्त 'आमेन' म्हणणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "मला असं कुणी विचारलंच नाही. काय हवंय ते सगळे मलाच सांगतात." माझे पुढचे चार प्रश्न तसेच राहिले.

खूप बोलणारं कुणीतरी असतंच. "आता अजून न बोललेल्यांपैकी कोणी?" एवढं बहुधा पुरतं, नाहीतर दोघादोघांच्या जोड्या करा. उत्तर भलतीकडे गेलं तर खोडू नका. "हे कुठल्या वचनात दिसलं?" असं विचारा, माणूस आपणच पानाकडे वळतो.

ठरल्या वेळी संपवा. आणि प्रार्थनेच्या विनंत्या खोलीबाहेर जाणार नाहीत, हे दर वेळी मोठ्याने सांगा. आमच्याकडची एका जोडप्याची विनंती बाहेर गेली. ते जोडपं परत आलं नाही.